दुखत नाही म्हणून थांबलेल्यांची पत्रे

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये एक वाक्य वेगवेगळ्या हस्ताक्षरांत पुनःपुन्हा भेटले : ‘तसे दुखत काहीच नाही.’ कुणी ते स्वतःला धीर देण्यासाठी लिहिले होते, तर कुणी डॉक्टरांकडे न गेल्याचे समर्थन म्हणून. यात दोष काही अंशी आपल्या भाषेचाही आहे. मराठीत आजाराला आपण ‘दुखणे’ म्हणतो, आजारी माणसाला ‘दुखणाईत’ म्हणतो आणि उपचार टाळण्याला ‘दुखणे अंगावर काढणे’ म्हणतो, त्यामुळे जे दुखत नाही ते दुखणेच नव्हे, अशी समजूत नकळत मनात पक्की होते. दवाखान्यात मात्र अनुभव बरेचदा उलटा येतो. म्हणून या वेळी त्या वाक्याभोवतीची पत्रे निवडली आहेत. इतर पत्रांची उत्तरे पुढील अंकी देईन.

प्रश्न : माझे वय ५६ आहे. रात्री जेवून शतपावलीला निघालो की दोन-अडीचशे पावलांवर छातीच्या मधोमध दाटून येते. दुखत नाही. दोन मिनिटे थांबलो, ढेकर दिली की पूर्ण बरे वाटते. तीन आठवड्यांपासून गॅसची गोळी घेत आहे, पण फरक नाही. दुसरी कोणती गोळी घ्यावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : गोळी बदलू नका, हा अंक हाती पडेल त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, हृदयाची तपासणी करून घ्या. तुमच्या पत्रातील महत्त्वाचा शब्द ‘दाटून येते’ हा नाही, ‘निघालो की’ आणि ‘थांबलो की’ हे आहेत. आपण चालत आहोत की बसलो आहोत, याच्याशी गॅसला फारसे देणेघेणे नसते. हृदयाला मात्र असते, कारण चालताना त्याला जास्त रक्त लागते आणि त्याला रक्त पुरवणारी धमनी अरुंद झाली असेल, तर ती वाढीव मागणी पुरी होत नाही. थांबल्यावर मागणी उतरते आणि छाती मोकळी होते. ढेकर त्याच सुमारास येते, म्हणून श्रेय तिला मिळते. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६८ साली लंडनमध्ये वाचलेल्या आणि १७७२ साली छापलेल्या टिपणात या विकाराचे जे वर्णन केले, त्यात चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, त्रास सुरू होणे व उभे राहताच तो थांबणे या गोष्टी स्पष्ट नोंदवलेल्या आहेत. अडीचशे वर्षांपूर्वीचे ते वर्णन आणि तुमचे पत्र यांत शतपावली या शब्दाखेरीज फारसा फरक नाही.

हृदयाच्या अशा रुग्णाला ‘छातीत दुखते का?’ असे विचारले, तर तो बहुतेक वेळा ‘नाही’ म्हणतो, कारण त्याला जाणवते ते दडपण, आवळल्यासारखे वाटणे, कोंडल्यासारखे होणे किंवा दगड ठेवल्यासारखा भार असतो. जागा दाखवायला सांगितली की तो बोट टेकवत नाही, मूठ किंवा पूर्ण तळवा छातीवर ठेवतो. पडून काढलेला साधा ईसीजी या अवस्थेत अनेकदा निर्दोष येतो. तो पाहून निर्धास्त होऊ नका आणि परस्पर ट्रेडमिलची चाचणीही करू नका. कोणती चाचणी कोणत्या क्रमाने करायची, हे हृदयरोगतज्ज्ञांना ठरवू द्या, कारण तुमची तक्रार अवघ्या तीन आठवड्यांची आहे आणि नवी तक्रार जुन्या, स्थिर तक्रारीपेक्षा जास्त बेभरवशाची असते. हेच दडपण बसल्या जागी आले, दहा-पंधरा मिनिटांत गेले नाही, दरदरून घाम सुटला, किंवा ते जबड्यात, खांद्यात, हातात उतरू लागले, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. घरात मधुमेही व्यक्ती, वयस्कर स्त्रिया असतील तर एक गोष्ट त्यांच्यासाठी : त्यांच्यात हृदयविकाराचा झटका कधी कधी छातीला स्पर्शही न करता, केवळ धाप, मळमळ किंवा अकारण गळून जाणे या रूपात येतो.

प्रश्न : वय ४८. उजव्या स्तनात सुपारीएवढी गाठ दोन महिन्यांपासून लागते आहे. पाळीच्या आधीही ती दुखत नाही. मैत्रिणी म्हणतात, दुखत असती तर काळजी होती. घरी अजून कोणाला सांगितलेले नाही.
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : मैत्रिणींनी धीर दिला तो प्रेमापोटी, पण त्यामागचे गणित उलटे आहे. पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना होणारी ठणक ही बहुतेक वेळा संप्रेरकांच्या चढउताराची असते आणि पाळी येताच ओसरते. याउलट स्तनाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही. स्तनातील बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही तितकेच खरे आहे. मात्र तुमची गाठ कोणत्या गटातली, हे हाताला लागण्यावरून किंवा न दुखण्यावरून ठरत नाही. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात : डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि गरज पडल्यास सुईने घेतलेला तुकडा. सुई लावली की गाठ ‘चिडते’ आणि कर्करोग पसरतो, हा समज आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या भगिनींच्या मनात असतो. तो खरा नाही. गाठ बिघडते ती उशिरामुळे. कातडीला खळी पडणे, ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, स्तनाग्र नव्याने आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, काखेत गाठ लागणे, यांपैकी काही असेल तर एक दिवसही घालवू नका.

हाताच्या तपासणीला कमी लेखणाऱ्यांसाठी आपल्याच मुंबईतला पुरावा सांगण्यासारखा आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली झोपडवस्त्यांतील दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यातील एका गटाची प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांकडून दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी झाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांमध्ये असा लाभ दिसला नाही; पण तो प्रश्न कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रियांचा होता. तुम्हाला गाठ लागलेली आहे, म्हणून वयाचा मुद्दा तुमच्या बाबतीत गैरलागू आहे. घरी सांगण्याचे दडपण वाटत असेल तर बहिणीला किंवा एका मैत्रिणीला बरोबर घ्या आणि स्त्री-डॉक्टर निवडा. उपचार लागलेच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. खर्चाच्या धास्तीने तपासणी थांबवू नका.

प्रश्न : गेल्या मंगळवारी सकाळी यजमानांच्या (वय ६२) उजव्या हातातून चहाचा कप निसटला आणि ते दहा-पंधरा मिनिटे बोबडे बोलत होते. नंतर अगदी पूर्ववत. डोके दुखले नाही, चक्कर नाही. आता ते दवाखान्यात यायला तयार नाहीत, ‘बरा झालो आहे’ म्हणतात.
— एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : पत्राला लागणारा वेळ पाहता तुम्हाला वेगळा निरोप पाठवला आहे, येथे उत्तर छापत आहे ते इतर घरांसाठी. ज्याला आपण ‘अंगावरून वारे जाणे’ म्हणतो, त्याची ही बारीक झुळूक होती. रक्ताची लहानशी गुठळी मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली आणि सुदैवाने विरघळली. गुठळी जिथून आली ती जागा मात्र तशीच आहे. मानेतील धमनीत साचलेला थर असेल, हृदयाचे अनियमित ठोके असतील किंवा वाढलेला रक्तदाब असेल. पक्षाघाताचा मोठा झटका येण्याचा धोका अशा घटनेनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो, म्हणून पूर्ववत झालेल्या माणसालाच तातडीने नेणे आवश्यक असते. ‘बरा झालो’ या वाक्याने जितके लोक घरी थांबले, तितके दुसऱ्या कोणत्या वाक्याने थांबले असतील, असे मला वाटत नाही.

पुन्हा तोंड वाकडे झाले, एक हात वर धरता आला नाही किंवा शब्द अडखळले, तर पहिल्यांदा घड्याळ पाहा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षण सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देता येते आणि रुग्णालयातील पहिला प्रश्न ‘शेवटचे धड केव्हा होते?’ हाच असतो. जेथे सीटी स्कॅन आहे अशाच रुग्णालयात न्या. घरच्या घरी ॲस्पिरिन देऊ नका, कारण रक्तवाहिनी तुंबली आहे की फुटली आहे, हे स्कॅनशिवाय कळत नाही. पाणीही पाजू नका. गिळण्याचे स्नायू लुळे पडले असतील तर ते श्वासनलिकेत जाते.

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे. तंबाखू कधीही खाल्ली नाही, फक्त साधा पानमसाला, सहा वर्षांपासून. हल्ली तिखट फार झोंबते आणि पाणीपुरी अख्खी तोंडात जात नाही, मित्र हसतात. दात-दाढ काही दुखत नाही.
— एक वाचक, जालना

उत्तर : मित्र हसतात ती खूण तोंडाच्या कोणत्याही डॉक्टरला गंभीर करील. तोंडाच्या अस्तराखाली कडक तंतू साचत जाऊन गालाची लवचीकता नाहीशी होणाऱ्या विकाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. भारतात त्याचे वर्णन १९५३ साली डॉ. एस. जी. जोशी यांनी केले. तिखट झोंबणे ही त्याची पहिली पायरी, तोंड उघडणे कमी होणे ही पुढची. याचे मुख्य कारण तंबाखू नसून सुपारी आहे. तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केले. पुडीवर ‘तंबाखूमुक्त’ लिहिलेले असले म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही.

आरशासमोर उभे राहून स्वतःची तीन बोटे एकावर एक अशी उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांच्या मधे जातात का, ते पाहा. जात नसतील तर दंतवैद्यक महाविद्यालयातील मुखरोग विभागात जा. साचलेले तंतू पूर्णपणे विरघळवणारे औषध नाही, पण पानमसाला आज सुटला तर विकार आहे तिथे थोपवता येतो आणि व्यायाम व उपचारांनी तोंड थोडेफार अधिक उघडू शकते. त्याबरोबर गालाच्या आतून पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो का, तीन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, हेही दाखवून घ्या. हे चट्टे दुखत नाहीत. घरात मिशरी लावणारी आई, आजी किंवा मावशी असेल तर तिच्या तोंडातही बॅटरीच्या उजेडात एकदा डोकवा. ‘दात घासायची सवय’ या नावाखाली ती तंबाखू कुणाच्या मोजणीत येत नाही.

प्रश्न : मधुमेहाला १४ वर्षे झाली. पूर्वी तळपायांची फार आग व्हायची, रात्र रात्र झोप नसे. वर्षभरापासून ती आपोआप थांबली आहे. हल्ली फक्त चप्पल पायातून निसटलेली कळत नाही. साखर थोडी जास्त असते. आग थांबली म्हणजे नसा सुधारल्या असे समजावे का?
— एक वाचक भगिनी, वय ६१, सोलापूर

उत्तर : आग थांबल्याचा तुमचा आनंद हिरावून घ्यावा लागतो आहे, याचे वाईट वाटते. साखर ताब्यात नसताना आग आपोआप थांबणे आणि चप्पल निसटलेली न कळणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे नसा सुधारल्या नाहीत, बधिर झाल्या. ओरडणारा पहारेकरी शांत झाला तो चोर पळाला म्हणून नव्हे.

वेदनेची खरी किंमत आपल्या देशात कुष्ठरोगाने शिकवली. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णांची बोटे ‘झडतात’ असे तोवर सर्रास मानले जाई. बोटे रोगाने गळून पडत नाहीत; वेदना हरवल्यामुळे रुग्ण ती भाजून, घासून, जखमांवरच चालून गमावतो, हे त्यांनी रुग्णांच्या रोजच्या हालचाली बारकाईने पाहून दाखवून दिले. मधुमेहाच्या बधिर पायाची कथा हीच आहे. चपलेतला खडा दिवसभर टोचतो आणि कळत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकतात आणि फोड दुसऱ्या दिवशी मुलगी पाहते. तुमच्या सोलापूरच्या उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून तळवे सोललेले रुग्ण मी स्वतः पाहिले आहेत आणि त्यांतील एकालाही प्रदक्षिणा चालू असताना चटका बसलेला नव्हता. देवळात जाडसर मोजे घाला, देव रागावणार नाही.

रोज रात्री तळपाय उजेडात पाहा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. चप्पल घालण्यापूर्वी आतून हात फिरवा, मागे पट्टा असलेली पादत्राणे वापरा, कुरूप ब्लेडने कापू नका, पाय धुण्याचे पाणी पायाने नव्हे तर कोपराने तपासा. डॉक्टर नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला टेकवून बधिरपणा मोजतात; ही चाचणी दर वर्षी व्हावी. न दुखणारी जखम, पायाचा बदललेला रंग किंवा एकाच पायाला आलेली गरम सूज दिसली, तर त्याच दिवशी जा.

याच ओघात आणखी एक : अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे टोचलेले कळत नसेल, तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचे बहुविध औषधोपचार मोफत मिळतात आणि वेळेत घेतले तर विकृती येत नाही.

प्रश्न : दीड महिन्यापूर्वी एकदाच लघवी लाल झाली. दुखले नाही, जळजळ नव्हती. पुन्हा तसे झाले नाही. वय ५९, धूम्रपान ३० वर्षे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : त्या दिवशी बीट खाल्ले नसेल आणि क्षयरोगाच्या गोळ्या चालू नसतील, तर ते रक्तच होते असे धरून मूत्ररोगतज्ज्ञांकडे जा. मुतखडा आणि जंतुसंसर्ग बहुधा त्रास देऊन जातात. त्रास न देता एकदाच दिसून नाहीसे होणारे रक्त ही मूत्राशयाच्या कर्करोगाची नेहमीची चाल आहे आणि धूम्रपान हे त्याचे सर्वांत मोठे कारण. लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि दुर्बिणीतून मूत्राशय पाहणे एवढे करून घ्या. आता रक्त दिसत नाही, हे तपासणी टाळण्याचे कारण नव्हे.

प्रश्न : रक्तदाबाची गोळी डोके जड वाटले की घेतो, एरवी नाही. उगीच औषधाची सवय नको. योग्य आहे ना?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. रक्तदाब वाढलेला कळत नाही. डोके जड होणे त्याच्यावर अवलंबून नसते. तो मोजूनच समजतो आणि गोळी रोजच लागते. सवय लागते ती मूत्रपिंडाला वाढीव दाबाची, आणि तीच मोडायची आहे.

प्रश्न : माझे वय ३६. तांदूळ निवडताना मूठ-मूठ कच्चे तांदूळ खाते, मुलाच्या पाटीवरच्या पेन्सिलीही सोडत नाही. सासूबाई रागावतात. जिना चढताना धाप लागते, पण आजार असा काही नाही. हे मनाचे चाळे आहेत का?
— एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : मनाचे नव्हेत, लोहाचे आहेत. लोह कमी झालेले शरीर माती, खडू, बर्फ, कच्चे तांदूळ असे नको ते मागू लागते. असे का होते, याचा पूर्ण उलगडा झालेला नाही, पण लोह भरून काढले की ही हाव बहुतेक वेळा काही आठवड्यांत निघून जाते. २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. इतका तो सार्वत्रिक आहे की थकवा हा आपल्याकडे स्त्रीचा स्वभावच मानला जातो, लक्षण मानले जात नाही. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) तपासून घ्या. गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असणे म्हणजे रक्तक्षय.

गोळ्यांनी आकडा वाढेल, पण रक्त जाते कुठे, हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा. पाळीत गुठळ्या पडतात का, दर तास-दोन तासांनी पॅड बदलावे लागते का, सात दिवसांहून अधिक जाते का, हे डॉक्टरांना न संकोचता सांगा, कारण डॉक्टर आपणहून नेहमीच विचारतील असे नाही. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि शौचाचा रंग काळा झाला तर घाबरू नका. हाच रक्तक्षय यजमानांना, सासऱ्यांना किंवा पाळी गेलेल्या सासूबाईंना निघाला, तर मात्र टॉनिकवर समाधान मानू नये. त्या वयात तो आतड्यातून नकळत होणाऱ्या रक्तस्रावाची पहिली आणि कधी कधी एकमेव खूण असतो. आणि सासूबाई रागावतात म्हणता, तर पुढच्या खेपेला त्यांनाच बरोबर न्या.

प्रश्न : आमच्या वाडीतील नऊ वर्षांचा मुलगा पहाटे पोटात दुखते म्हणून उठला. अपचन समजून ओवा दिला. दोन तासांत त्याच्या पापण्या मिटू लागल्या, झोप येते असे वाटले. रुग्णालयात मण्यार चावल्याचे निदान झाले, मुलगा वाचला. पण अंगावर ना सूज, ना जखम. हे ओळखायचे कसे?
— एक शिक्षक, रायगड

उत्तर : ज्याने हे निदान वेळेत केले त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. मण्यार रात्री हिंडते, तिचे दात बारीक असतात, दंश मुंगी चावल्याइतकाही जाणवत नाही आणि तिथे सूज येत नाही. म्हणून दंशाची खूण शोधत बसू नये. खुणांचा क्रम पाहावा. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, घसा दुखतो म्हणतो, गिळता येत नाही, मग पापण्या खाली येतात, एकाचे दोन दिसू लागते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. पोट दुखते म्हणून सगळ्यांचे लक्ष पोटाकडे जाते, आणि पापणी कोणाला दुखत नसते. पावसाळ्यात कोकणात पोटदुखीबरोबर पापणी झुकलेली दिसली, तर तो सर्पदंश समजून प्रतिविष आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. असा रुग्ण हलत-बोलत नसला तरी अनेकदा पूर्ण शुद्धीवर असतो. त्याच्यासमोर जपून बोलावे. मांत्रिक, आवळून बांधणे, जखम कापणे यांत वेळ घालवू नये. शाळेत मुलांना एवढे जरूर सांगा : खाटेवर झोपावे, आणि खाट नसेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचावी.

प्रश्न : मी २७ वर्षांचा, संगणक क्षेत्रात नोकरी. डाव्या छातीत सुई टोचल्यासारखे दोन-चार सेकंद दुखते, जागा बोटाने दाखवता येते. मनगटावरचे घड्याळ ठोके दाखवते ते रात्रीही पाहत असतो. वर्षभरात तीन वेळा संपूर्ण तपासणीचे पॅकेज केले, दर वेळी एखादा आकडा लाल येतो. मी काही गंभीर तर चुकवत नाही ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : इतर सर्व पत्रांच्या उलट टोकाला तुमचे पत्र आहे, म्हणून ते शेवटी घेतले. तुमच्या वयात सेकंदभर टोचणारी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेतली, दाबल्यावर किंवा वळल्यावर वाढणारी वेदना ही जवळजवळ नेहमी बरगड्यांची किंवा स्नायूंची असते. साताऱ्याच्या वाचकांचे वर्णन पुन्हा वाचा, त्यांना दुखत नाही आणि काळजी त्यांची आहे; तुम्हाला दुखते आणि तुमची काळजी मला हृदयाबाबत वाटत नाही, झोपेबाबत वाटते.

लाल आकड्यांचा हिशेब सांगतो. प्रयोगशाळेची ‘सामान्य मर्यादा’ बहुधा अशी आखलेली असते की, निरोगी माणसांपैकी ९५ टक्के लोक तिच्या आत बसावेत. म्हणजे एका चाचणीत निरोगी माणूसही मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता वीसात एक. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकाच वेळी केल्या, तर धडधाकट माणसाचेही सर्व आकडे काळे येण्याची शक्यता जेमतेम ३६ टक्के उरते. पॅकेजमध्ये तर साठ-सत्तर चाचण्या असतात. त्यात एखादा लाल आकडा आला नसता तरच नवल. काही शोधायचे असेल तर लक्षणावरून चाचणीकडे जावे. चाचणीवरून लक्षणाकडे गेलो तर अंगात नसलेले लक्षणही जाणवू लागते.

श्रम करताना शुद्ध हरपणे, आधी सहज चढत होता त्या जिन्यावर धाप लागणे, प्रयत्न न करता वजन उतरणे, दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा संध्याकाळचा ताप, अथवा घरात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काही असेल तर मला पुन्हा लिहा, नव्हे, जवळच्या डॉक्टरांना भेटा. यांपैकी काही नसेल, आणि तरीही मन त्याच विचाराभोवती फिरत असेल, तर ती चिंताही उपचार करण्याजोगी आहे. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. तूर्त महिनाभर ते घड्याळ रात्री दुसऱ्या खोलीत ठेवून झोपा.